नावाचा रिकामा रकाना

व्हिडिओ गेम म्हटलं की आमच्या कुर्ल्यात दोन चित्रं डोळ्यांसमोर येतात. एक, गल्लीच्या तोंडाशी मोबाइल आडवे धरून बसलेली आणि एकमेकांच्या नावाने ओरडणारी पोरं. दुसरं, वरच्या गॅलरीतून त्यांच्याकडे बघत डोक्याला हात लावणाऱ्या त्यांच्या आया. दोन्ही चित्रं खरी आहेत. पण या गोंगाटापासून लांब, कानाला हेडफोन लावून एकट्याने खेळायच्या खेळांची एक वेगळी जात आहे. तिला रोल प्लेइंग गेम म्हणतात. खेळणारे नुसतं आरपीजी म्हणतात. माझा बारावीतला भाचा ही जात खेळतो, आणि आपाने, म्हणजे त्याच्या आईने, ‘तूच त्याला समजव’ म्हणून ते काम माझ्या गळ्यात घातलं आहे. समजवायचं तर आधी समजून घ्यायला हवं. शिवाय हे खेळ मी स्वतः वीसेक वर्षांपासून अधूनमधून खेळत आलोय. त्यामुळे त्यांचं चांगलं काय आणि वाईट काय, हे एकदा नीट लिहून काढावं म्हटलं.

या खेळात तुम्ही एक पात्र घडवता. त्याचं नाव, चेहरा, वंश, ताकद, अक्कल, बोलण्याची हातोटी, सगळं तुम्ही ठरवता. मग त्याला एका मोठ्या जगात सोडून दिलं जातं. ते जग जादूचं असेल तर फँटसी, अवकाशयानांचं किंवा अणुयुद्धानंतरचं असेल तर विज्ञानकथा. तिथे माणसं भेटतात, कामं सांगतात, खोटं बोलतात, मदत मागतात. तुम्ही काय बोलता आणि काय करता, त्यावर पुढची गोष्ट ठरते.

दास्तान ऐकणाऱ्यांना हे नवं नाही

उर्दू वाचणाऱ्या घरांना हा मामला अनोळखी वाटू नये. लखनौच्या नवलकिशोर छापखान्याने १८८३ पासून ‘तिलिस्म-ए-होशरुबा’ छापायला घेतलं. मुहम्मद हुसेन जाह आणि त्यांच्यानंतर अहमद हुसेन कमर यांनी ते लिहिलं. ज्या दास्तान-ए-अमीर हमझाचा तो भाग आहे, तिचे एकूण ४६ खंड निघाले. त्यातल्या अमर ऐयारकडे झंबील नावाची थैली असते. तिच्यात काहीही मावतं, अख्खं शहरसुद्धा. आजच्या प्रत्येक आरपीजीतल्या नायकाच्या पाठीवर अशीच थैली असते. दहा तलवारी, चाळीस औषधाच्या बाटल्या आणि वर एक चिलखत घालून तो आरामात पळत असतो. तिलिस्म, म्हणजे जादूगाराने रचलेलं मायावी जग, तोडायचं तर ‘लौह’ नावाची पाटी शोधावी लागते आणि तिच्यावरच्या सूचनांप्रमाणे वागावं लागतं. आमचा भाचा त्यालाच ‘क्वेस्ट’ म्हणतो.

मराठीलाही या वाटा परक्या नाहीत. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी ‘अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी’ मराठीत आणल्या. हातिमताई आणि गुलबकावली तर मराठी वाचकांच्या कित्येक पिढ्यांनी वाचली. १९७४ मध्ये अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा फासे, कागद आणि पेन्सिलीने खेळायचा खेळ काढला. त्यातली नवी गोष्ट राक्षस किंवा जादू ही नव्हती, ती जगभरच्या कथांमध्ये होतीच. नवीन हे होतं, की गोष्ट सांगणारा मध्येच थांबतो आणि ऐकणाऱ्याला विचारतो, ‘आता तू काय करशील?’ संगणकावरच्या सगळ्या आरपीजी या एका प्रश्नातून निघाल्या आहेत.

पाण्याची गोष्ट

मला तो प्रश्न पहिल्यांदा विचारला गेला कुर्ला पश्चिमेला, स्टेशनजवळच्या एका सायबर कॅफेत. तासाला वीस रुपये पडायचे. खेळ होता ‘फॉलआउट’, १९९७ चा. अणुयुद्धात जग जळून गेलंय. काही माणसं जमिनीखालच्या बंदिस्त तळघरात पिढ्यानपिढ्या जगताहेत. त्यांचं पाणी शुद्ध करणारं यंत्र बिघडतं आणि त्याचा एक सुटा भाग बाहेरच्या उजाड जगातून शोधून आणायला तुम्हाला पाठवलं जातं. मुदत १५० दिवसांची. तोवर नाही आणला तर मागे राहिलेले तहानेने मरणार.

आमच्या चाळीत तेव्हा पहाटे साडेचारला नळ यायचा आणि तासाभरात जायचा. ज्याच्या घरी पिंप भरायचं राहिलं त्याचा दिवस वाया. त्यामुळे जगाला वाचवायला निघालेला नायक सोन्याच्या मुकुटासाठी नव्हे तर पाण्यासाठी वणवण करतोय, हे मला फार जवळचं वाटलं. त्या खेळात जागोजागी गंजलेल्या मोटारींचे सांगाडे दिसतात. एके काळी पद्मिनी मोटारी बनत त्या कुर्ल्यातल्या, बंद कारखान्यांच्या भिंतींना लागून शाळेत जाणाऱ्या मुलाला ते दृश्य कळायला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

या प्रकारच्या खेळांची पहिली जमेची बाजू इथेच दिसते. ‘फॉलआउट’च्या शेवटी जो खलनायक भेटतो, त्याला माणसांचं रूपांतर करून एक नवी, अधिक टणक प्रजा घडवायची आहे. त्याच्याशी लढता येतं. पण त्याआधी तुम्ही नीट चौकशी केली असेल, पुरावे गोळा केले असतील, तर त्याला पटवूनही देता येतं की त्याच्या या नव्या प्रजेला मुलंच होऊ शकत नाहीत, म्हणजे सगळा खटाटोप व्यर्थ आहे. एकही गोळी न झाडता तो हरतो. मारामारीचाच खेळ समजून बसलेल्या त्या वयात मला ही गोष्ट थक्क करून गेली. आणि त्याहून थक्क करणारा शेवट पुढे होता. सगळ्यांना वाचवून नायक घरी परततो, तेव्हा तळघराचा प्रमुख त्याला आत घेत नाही. तू बाहेरचं जग पाहून आलास, आता तुझ्यामुळे इथली मुलं बिघडतील, असं म्हणतो. गावाला वाचवणारा गावाबाहेर राहतो.

त्याच्याही बारा वर्षं आधी, १९८५ मध्ये, रिचर्ड गॅरियट यांनी ‘अल्टिमा ४’ काढला होता. त्याला शेवटी मारायचा असा खलनायकच नाही. सचोटी, करुणा, न्याय, नम्रता अशा आठ गुणांत पारंगत होणं हेच ध्येय. त्यात जादूला लागणाऱ्या जडीबुटी विकणारी दुकानदार आंधळी असते. माल घेतल्यावर किती पैसे ठेवायचे ते तुमच्यावर सोडलेलं. एक नाणं ठेवून पुढे गेलात तर ती काही बोलत नाही. पण खेळ लक्षात ठेवतो, आणि सचोटीची परीक्षा येते तेव्हा तुम्ही अडकता. संगणकाच्या जगात ‘अवतार’ हा आपल्याकडचा शब्द रुळला त्यात या खेळाचा मोठा वाटा आहे. वाण्याकडे सुट्ट्या पैशांवरून मुलांना शिकवायचा तो धडा एका खेळाने कसलंही भाषण न देता शिकवला, हे मान्य करायला हवं.

‘त्यांची संख्या’

विज्ञानकथेवरच्या खेळांनी हाच धागा आणखी लांब नेला. ‘मास इफेक्ट’ ही मालिका २००७ मध्ये सुरू झाली. दूरच्या भविष्यात आकाशगंगेतल्या अनेक प्रजाती एकत्र नांदताहेत आणि माणूस त्यांच्यात नवखा आहे. त्यात क्रोगन नावाची एक प्रजाती आहे. धिप्पाड, लढवय्यी आणि झपाट्याने वाढणारी. एका महायुद्धात इतरांनी त्यांना लढायला पुढे केलं. युद्ध संपल्यावर त्यांची संख्या वाढत गेली, त्यांनी इतरांचे ग्रह बळकावायला सुरुवात केली, तेव्हा बाकीच्यांनी त्यांच्यावर एक जैविक अस्त्र सोडलं. परिणाम असा, की हजार गर्भांमागे एखादंच मूल जगतं. शेकडो वर्षं ही प्रजाती मेलेली मुलं पुरत जगते आहे.

खेळ हा प्रश्न सोपा करत नाही. क्रोगन निष्पाप नाहीत. ज्या शास्त्रज्ञाने हे अस्त्र टिकावं म्हणून काम केलं, तो तुमच्याच जहाजावर असतो. तो दुष्ट नाही, विनोदी आहे, प्रेमळ आहे, आणि त्याच्याकडे सगळी आकडेमोड तयार असते. तुम्ही त्याच्याशी वाद घालू शकता. मालिकेच्या तिसऱ्या भागात, २०१२ मध्ये, हा शाप उठवायचा की उठवल्याचं नाटक करून गुपचूप चालू ठेवायचा, हा निर्णय तुमच्या हातात येतो.

आपल्या देशात ‘त्यांची संख्या’ हे दोन शब्द कोणत्या आवाजात उच्चारले जातात ते या ब्लॉगच्या वाचकांना सांगायला नको. लोकलच्या डब्यात, ऑफिसच्या जेवणाच्या टेबलावर, सोसायटीच्या व्हॉट्सअॅपवर आपण तो आवाज ऐकलेला असतो आणि बहुतेक वेळा गप्प बसलेलो असतो. भाच्याने हा भाग खेळला त्या रात्री तो माझ्याकडे येऊन बसला. ‘मामू, ते सगळे चांगलेच लोक आहेत. तरी त्यांनी हे केलं,’ एवढंच म्हणाला. समाजशास्त्राच्या पुस्तकातून त्याला हे कळलं असतं का, मला शंका आहे. भीती माणसाला काय काय करायला लावते आणि ते करणारा माणूस किती सभ्य असू शकतो, हे कळण्यासाठी त्या शास्त्रज्ञाशी तासभर बोलावं लागतं. ती सोय कादंबरीत आहे, सिनेमात थोडी आहे, आणि या खेळांत तर भरपूर आहे.

निर्णय कोणाचा?

इथूनच मला या खेळांची उणी बाजूही दिसायला लागते. क्रोगनांचं भवितव्य ठरतं खरं, पण ते ठरवतो कोण? शेपर्ड नावाचा, किंवा नावाची, मानवी कप्तान. लाखो क्रोगनांचा जीव ज्यात अडकलाय तो निर्णय बाहेरून आलेला एक माणूस बटण दाबून घेतो. क्रोगन त्याचे मित्र होऊ शकतात, त्याचे आभार मानू शकतात, त्याच्यावर चिडू शकतात. आपल्या मुलाबाळांचा निवाडा त्यांच्या स्वतःच्या हातात येत नाही. शिवाय खेळात चांगुलपणा निळ्या आणि दांडगाई लाल पट्टीने मोजली जाते. पट्टी भरली की बोलण्याचे नवे पर्याय उघडतात. मग खेळणारे विचार करणं सोडून एकाच रंगाची उत्तरं निवडत जातात. भाच्यानेही सुरुवातीला तेच केलं होतं. नेकी-बदीचा हिशेब कोणी दुसरा ठेवतोय ही आपल्या घरातली जुनी समजूत आहे. पण तो आकडा डोळ्यांसमोर चढताना दिसायला लागला की माणूस चांगुलपणा कमी आणि बेरीज जास्त करतो.

जवळजवळ सगळ्या मोठ्या आरपीजी ‘निवडलेल्या एकट्या’वर उभ्या आहेत. तिलिस्म तोडणाराही ठरलेलाच असतो, हे खरं. पण दास्तानमध्ये निदान त्याच्याभोवती ऐयारांची फौज आपल्या मर्जीने काहीबाही उद्योग करत असते. या खेळांत जग तुमच्यासाठी थांबून राहतं. गाव जळणार असतं, पण तुम्ही मासे पकडत बसलात तर आगही थांबते. ‘फॉलआउट’ची ती १५० दिवसांची मुदत म्हणूनच मला अजून आठवते. तसा खेळ विरळा.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मिठी नदी आमच्या कुर्ल्यात शिरली. तेव्हा कोणी निवडलेला नायक आला नाही आणि पाणीही कोणासाठी थांबलं नाही. वरच्या मजल्यावरच्यांनी दारं उघडी टाकली. ज्यांची नावंही माहीत नव्हती अशी माणसं आमच्या दहा बाय पंधराच्या खोलीत रात्रभर बसून होती. कोणी दोरी बांधली, कोणी म्हाताऱ्यांना पाठीवर घेतलं, कोणी नुसता स्टोव्ह पेटता ठेवला. दुसऱ्या दिवशी कोणाचंच नाव पुढे आलं नाही, कारण काम शंभर जणांनी शंभर तुकड्यांत केलं होतं. आमच्या वस्त्यांमध्ये माणसं अशीच तगतात. एवढ्या मोठ्या जगात हे तगणं दाखवणारी आरपीजी मला अजून सापडायची आहे.

पगडीवाले दोघे

२०११ मध्ये आलेला ‘स्कायरिम’ भाच्याचा लाडका. त्याचं एक कारण मला पटतं. पाच माणसांच्या एका खोलीत, जुन्या लॅपटॉपवर, तो कित्येकदा काहीच करत नाही. नुसता एका बर्फाच्या डोंगरावर चढून उभा राहतो आणि खालची दरी बघतो. कुर्ल्यात इतकं दूरवर बघायला मिळतं कुठे? ही जागा त्याला खेळाने दिली आहे आणि त्याबद्दल मी खेळाचा ऋणी आहे.

पण त्याच ‘स्कायरिम’मध्ये एक प्रसंग आहे. गोऱ्या, उत्तरेकडच्या लोकांचं एक शहर. त्याच्या वेशीवर पहारेकऱ्याने दोघांना अडवलंय. डोक्याला पगडी, कमरेला वाकडी तलवार, सावळा रंग, वाळवंटी मुलखातले. ते एका बाईला शोधताहेत. ती बाई त्याच मुलखातली, शहरातल्या खाणावळीत नाव बदलून काम करते. ती तुम्हाला सांगते, मी खानदानी घरातली, परकीय सत्तेविरुद्ध बोलले म्हणून हे मारेकरी माझ्या मागावर आहेत. त्या लोकांचा म्होरक्या सांगतो, हिनेच आमचं शहर शत्रूला विकलं, आम्ही तिला न्यायासाठी परत नेतोय. दोघांपैकी एकाची बाजू घ्यायची. खरं कोण, हे खेळ शेवटपर्यंत सांगत नाही.

रचना म्हणून हा प्रसंग मला फार आवडतो. अर्धवट माहितीवर निर्णय घेणं आणि त्याचं ओझं वाहणं याहून चांगला सराव कुठला? त्यात गंमत अशी की पगडीवाले दोघे वेशीवर दिसताक्षणी खेळणाऱ्याचं मत बनलेलं असतं. ते मत बदलायची संधीही खेळ देतो. तरीही भाच्याला मी विचारलं की तू कोणाला निवडलंस, तेव्हा तो म्हणाला, ‘कोणालाच नाही. ते काम तसंच यादीत पडून आहे.’

का, विचारलं. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, ‘मामू, दोघंही आपल्यातलेच वाटतात. आणि निवाडा करणारा मी कुठलातरी एरिक.’

त्याच्या सगळ्या पात्रांची नावं अशीच असतात. एरिक, लूकस, एकदा अर्जुन. स्वतःचं नाव त्याने कधीच टाकलेलं नाही. आंतरजालावर अनोळखी लोकांबरोबर खेळताना एकदा त्याने खरं नाव ठेवलं होतं आणि पहिल्या पाच मिनिटांत त्याला काय ऐकावं लागलं ते तुम्ही ओळखू शकता. पण हे तर एकट्याने खेळायचे खेळ, इथे कोण बघतंय? तर त्याचं उत्तर असं, की या जगांमध्ये त्याच्यासारख्या नावाचे लोक एक तर वाळवंटातले व्यापारी असतात, नाहीतर मारेकरी. नायकाला ते नाव दिलं की खोटं वाटतं.

तो फार चुकीचं बोलत नाही. २००० च्या ‘डायब्लो २’मध्ये वाळवंटातलं शहर आहे, तर राजवाडा आणि जनानखाना आलाच. फँटसीच्या मुळाशीच ही खोड आहे: वंश निवडला की स्वभाव सोबत येतो. ऑर्क म्हणजे रानटी, काळ्या कातडीचे ड्राओ म्हणजे कपटी. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या मालकांनी २०२० मध्ये जाहीर केलं की ऑर्क आणि ड्राओ यांना जन्मजात वाईट दाखवणं आम्ही बदलू, आणि २०२२ मध्ये ‘वंश’ हा शब्दच काढून टाकायचं ठरवलं. काही जुने खेळाडू त्यावर चिडले, खेळात राजकारण आणलं म्हणाले. पण जन्मावरून स्वभाव ठरवणं हेच मुळात राजकारण आहे. भाड्याने घर शोधताना दलालाने फोनवर आधी पूर्ण नाव विचारलं आणि मग ‘ती खोली गेली’ म्हणून सांगितलं, हा अनुभव ज्यांच्याकडे आहे त्यांना पात्र घडवण्याच्या पडद्यावरचा वंशाचा रकाना निव्वळ खेळ वाटत नाही.

म्हणून २०२३ च्या ‘बाल्डर्स गेट ३’ने मला आशा वाटली. बेल्जियमच्या लॅरियन कंपनीचा हा खेळ. त्यात टीफलिंग नावाचे शिंगं असलेले लोक आहेत. आपलं शहर सोडावं लागलेले हे निर्वासित एका वनातल्या आश्रमात थांबलेत आणि तिथले साधक त्यांना हाकलून वेस बंद करायच्या बेतात आहेत. इथे तुम्ही स्वतः टीफलिंग होऊन खेळू शकता. मग लोक तुमच्याशी वेगळं बोलतात, आणि निर्वासितांशी तुमचं बोलणंही वेगळं होतं. भाच्याने हा खेळ मित्राच्या घरी थोडासा खेळला. पहिल्यांदाच त्याने एरिकला बाजूला ठेवून शिंगांचा माणूस निवडला. नाव मात्र तिथेही दुसरंच होतं.

आपाचं म्हणणं

आता आपाच्या तक्रारीकडे. तिची बाजू हलकी नाही. हे खेळ शंभर-शंभर तास खातात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये मंजूर केलेल्या आणि २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीत खेळाच्या व्यसनाचा समावेश आहे. स्वतःवरचा ताबा सुटणं, बाकी सगळ्यापेक्षा खेळ मोठा होणं, नुकसान दिसूनही न थांबणं आणि हे साधारण वर्षभर चालणं, असं त्याचं वर्णन आहे. जास्त खेळणारा प्रत्येक मुलगा आजारी नसतो, पण ही यादी आईच्या हाताशी असलेली बरी.

खरा धोका मला मोबाइलवरच्या फुकट आरपीजींचा वाटतो. खेळ फुकट, पण चांगलं पात्र हवं तर पैसे भरून चिठ्ठी काढायची. निघालं तर निघालं, नाहीतर पुन्हा भरा. २०२० मध्ये आलेल्या ‘गेन्शिन इम्पॅक्ट’ने हा प्रकार जगभर नेला. पैसे देऊन नशीब अजमावायच्या अशा पेट्यांना बेल्जियमने २०१८ मध्येच जुगार ठरवलं होतं. आपल्या घरांत जुगार शब्द काढला तरी भुवया उंचावतात, पण तो रंगीबेरंगी राजकन्येच्या वेशात फोनवर आला की ओळखू येत नाही. आपाला मी सांगितलं, की एकदाच विकत घेऊन संपवायचा खेळ आणि कधीच न संपणारा, सारखा पैसे मागणारा खेळ, यांत फरक कर. पहिल्याला वेळेची शिस्त लाव. दुसऱ्याला दार उघडू नकोस.

आणखी एक उणीव भाषेची. भाच्याचं इंग्रजी या खेळांमुळे सुधारलं, हा फायदा मोठाच आहे. इंग्रजी धड्यावर तोंड वाकडं करणारा मुलगा पात्रांचे लांबलचक संवाद शब्दकोश उघडून वाचतो. पण मराठीत किंवा उर्दूत ही जगं भेटत नाहीत. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये ‘राजी’ काढला. हरवलेल्या भावाला शोधणाऱ्या मुलीची ती गोष्ट. तो पूर्ण आरपीजी नव्हे, मारामारी आणि कोड्यांचा खेळ आहे, पण आपल्या मातीतलं जग देखणेपणाने उभं करता येतं हे त्याने दाखवलं. मग कोकणच्या बंदरातला एखादा तांडेल, दख्खनच्या दर्ग्याजवळचा कव्वाल, कुर्ल्याच्या गल्लीतली नर्स यांना घेऊन खेळ का बनू नये? अमर ऐयारची झंबील आपल्याच घरात दीडशे वर्षं पडून आहे.

आपाला शेवटी मी एवढंच म्हटलं, की किती वेळ खेळलास हे विचारतेस ते विचार, पण त्याच्या जोडीला आज तू कोणाच्या बाजूने उभा राहिलास, हेही विचार. परवा तिने विचारलं. त्याने तिला त्या खाणावळीतल्या बाईची गोष्ट सांगितली. आपाने भाकऱ्या थापता थापता सगळी ऐकून घेतली आणि म्हणाली, ‘त्या बाईला कोणी विचारलं का, तिला कुठे जायचंय ते?’

भाचा म्हणाला, ‘तसा पर्यायच नाही, अम्मी.’